सहाणेवरची गोळी

"हिला गोळ्या कोण देतं?"

डॉक्टरीणबाईंनी फाइलमधून मान वर केली आणि खाटेभोवतीची सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली.

खाटेवर कोमल होती. वय नऊ, वजन सहा वर्षांच्या पोरीचं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खळी आत ओढली जात होती. निमोनिया झाला होता. कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात आणून तिसरा दिवस होता.

"मी देते," मी म्हटलं.

"रोज? दोन्ही वेळा?"

"सकाळी आठ, सांजच्याला आठ. एक डाव चुकलेला न्हाय."

"गोळी अख्खी गिळते ना?"

"व्हय."

हे खोटं होतं. कोमलनं ती गोळी एकदाही अख्खी गिळलेली नव्हती. हे तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तिसऱ्या कुणाला नाही.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद पुढं धरला. "मग हे कसं? विषाणू एवढा वाढलाय, जणू मुलगी औषध घेतच नाही. बाटलीतल्या गोळ्या बरोबर संपतात. म्हणजे एक तर ही थुंकते, नाहीतर औषध निकामी झालंय. निकामी झालं असेल तर आमच्या कपाटात पुढचं औषध नाही. वर लिहावं लागेल, मंजुरी यावी लागेल, आठवडे जातील." त्यांनी कोमलकडं एकदा बघितलं. "एवढे आठवडे हिच्याकडं आहेत असं मला वाटत नाही."

आमच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका चौगुलेबाई खाली वाकल्या. "थुकतीस काय गं? खरं सांग. कुणी मारणार न्हाय तुला."

कोमलनं मास्कसकट मान हलवली. नाही. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मीच तिला बजावून ठेवलं होतं, "कुणाला सांगू नको, न्हायतर अख्खी गिळाय लावतील."

मी खाटेची दांडी धरून उभी राहिले.

माझा धंदा सैपाकाचा. माहेर-सासर दोन्ही आजऱ्याकडचं. शाळा चौथीपर्यंत. नवरा गेल्यावर अकरा वर्षं काजूच्या कारखान्यात काजू फोडले. कवचातल्या चिकानं बोटं जी काळी झाली ती अजून पुरती गोरी झालेली नाहीत. मग गडमुडशिंगीजवळ एचआयव्ही झालेल्या मुलांचं वसतिगृह निघालं, तिथं सैपाकीण म्हणून लागले. पगार बेताचा, पण राहायला खोली होती. लोक म्हणाले, तिथलं पाणी पिऊ नको, लागण होईल. मी म्हटलं, पाण्यानं लागण होत असती तर अर्धी पंचगंगा आजारी पडली असती.

मुलं सगळी मला आक्का म्हणायची. आई-बापाकडून जन्मताच आजार घेऊन आलेली. त्यातली बरीच आई-बापाविना. हा आजार जात नाही, पण औषधानं दाबून ठेवता येतो. औषध रोज, त्याच वेळी, जन्मभर. दोन-चार दिवस ढिलाई झाली की विषाणू डोकं वर काढतो, आणि तेच औषध पुन्हा त्याला भीत नाही. सुरुवातीला गोळ्या नर्सबाई द्यायच्या. त्या सोडून गेल्या, दुसऱ्या आल्या नाहीत, मग ते काम माझ्याकडं आलं. कारण साधं. दोन्ही वेळा मुलं माझ्यासमोर ताटाला बसलेली असायची.

गोळी आणि जेवण यांचं काय नातं असतं हे मला एका मटणानं शिकवलं. मोठ्या मुलांना तेव्हा एक गोळी झोपताना, हलक्या पोटी असायची. मला वाटायचं, हलक्या पोटी म्हणजे खर्च वाचवायला सांगतात. एकदा गावच्या म्हाईला, म्हणजे जत्रेला, कुणीतरी मटण पाठवलं. दहावीतल्या एका पोरानं चरबीचे तुकडे वेचून खाल्ले, वर रस्सा प्याला आणि गोळी घेतली. सकाळी बघते तर व्हरांड्याचा खांब दोन्ही हातांनी मिठीत धरून बसलेला. सोडायला तयार नाही.

"आक्का, भुई फिरतीया. मला सोडू नगासा."

रात्रभर त्याला स्वप्नं पडली होती, मेलेला बाप छातीवर येऊन बसतो म्हणून. मी हादरले. मटण नासलं असणार, माझ्या हातून विषबाधा झाली, आता बाकीची पोरंही पडणार. दवाखान्यातल्या समुपदेशक सरांना फोन लावला. ते सगळं ऐकून म्हणाले, "आक्का, मटण नासलेलं नव्हतं. लई चांगलं हुतं. ती गोळी तुपकट जेवणावर जास्त चढती. दोन दिवसांत उतरंल."

उतरली. तेव्हापासून मटण दुपारीच. मला गर्व झाला. कुठल्या गोळीला कसलं पोट लागतं हे मी पाठ केलं, नव्या बायकांना तोऱ्यात सांगायला लागले. जेवणानं औषध चढतं एवढं मी शिकले होते. ते दुसऱ्या कशानं उतरतही असेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

कोमलच्या आधी आमच्याकडं ओंकार होता, पाच वर्षांचा. पहिलं औषध त्याला लागू पडेना म्हणून त्याला सेकंड लाइनचं सुरू केलं. आधी ते पातळ मिळायचं. कडू जहर. पाजलं की पोरगं अर्धा तास जीभ टॉवेलला पुसत बसायचं. पुढं ते मिळेनासं झालं आणि गोळी आली. पावट्याएवढी, गुळगुळीत. ती काही त्याच्या घशाखाली उतरेना. तोंडात घोळवायचा, डोळ्यांत पाणी आणायचा, आणि गोळीबरोबर सगळं जेवण माझ्या पदरात ओतायचा. सकाळी दोन, संध्याकाळी एक. दिवसाला तीन वेळा ओकारी. पोरगं वाळायला लागलं.

आमच्याकडं बाळाला औषध कसं देतात? बाळगुटी उगाळतात. सहाणेवर चार थेंब दुधाचे घ्यायचे, हळकुंडाचे तीन वेढे, मायफळाचा एक, मुरुडशेंग, हिरडा, वेखंड, आणि चाटण बोटानं टाळूला लावायचं. मी नणंदेची चार आणि शेजारची किती लेकरं अशी वाढवली. शिवाय ओंकारच्या बाकीच्या गोळ्या पाण्यातच विरघळवून द्यायच्या होत्या, डॉक्टरनीच सांगितलं होतं. मग ह्या गोळीनंच काय घोडं मारलंय? मी ट्रंकेतून सहाण काढली, गोळी फोडली, उगाळली, मधात कालवली आणि चाटवली. पोरानं तोंड वाकडं केलं, पण ओकला नाही.

दवाखान्यात दर महिन्याला सांगायचे, "ही गोळी फोडायची नाही." मी मान डोलवायची. मला वाटायचं, शिकलेली माणसं सांगतातच असं. आंब्याच्या लोणच्याला ओला हात लावू नका म्हणतात, त्यातला प्रकार. पोटात गेल्याशी मतलब. लहान पोराला गोळी कशी गिळवायची ते मात्र कुणी दाखवलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

ओंकार सात वर्षांचा होऊन गेला. ताप आला, जुलाब लागले, आठ दिवसांत आटोपलं. तो पहिल्यापासून अशक्त होता. कुणी काही विचारलं नाही. मी सहाण धुऊन ठेवली.

मग कोमल आली. तीच गोळी, तोच घसा, तीच सहाण. सगळी म्हणायची, आक्काचा हात लागला की पोरं औषध घेतात. खरं सांगते, ते ऐकून बरं वाटायचं.

वर्षभरात ती उंचीला वाढेना. तोंडात पांढरे फोड आले. मला वाटलं खाणं कमी पडतंय. मी तूप वाढवलं, अंडं वाढवलं, नाचणीची आंबील दोन वेळा केली. म्हणजे दुखणं माझ्या एका हातातून येत होतं आणि मी दुसऱ्या हातानं तूप वाढत होते.

तर मी व्हय म्हणून खोटं बोलले आणि डॉक्टरीणबाई वर पाठवायचं पत्र लिहायला गेल्या.

मी वॉर्डाबाहेर आले. औषधाच्या खिडकीवर गर्दी नव्हती. कंपाउंडर ओळखीचा. मी सहज विचारल्यासारखं केलं.

"काय वो, ती कोमलची गोळी असती बघा. ती फोडून दिली तर काय हुतं?"

"फोडायची न्हाय ती."

"न्हाय ते ठावं हाय. पर कुणी दिलीच तर?"

"तर औषध निम्मंच अंगात शिरतंय, आक्का. कवा कवा निम्म्याहूनबी कमी. ती गोळी तशी बनवल्याली असती. आत औषध कशात तरी बशिवल्यालं असतंय, ते पोटात गेल्यावर हळूहळू सुटाय पायजे. भुगा केला की गणित बिघडलं." मग त्यानं हातातलं पाकीट खाली ठेवलं. "कुणी फोडली?"

"कुणी न्हाय. आपलं इचारलं."

"आक्का, कुणी फोडली?"

मी तिथून निघाले.

काजूचं मला कळतं. काजू कवचासकट भाजायचा आणि मग फोडायचा. कच्चाच फोडला तर चीक गराला लागतो आणि गर वाया जातो. तीच बी, तीच चूल, पण आधी काय आणि मग काय, यावर सगळं. अकरा वर्षं हे केलेल्या बाईला गोळीचं कळलं नाही.

वॉर्डाच्या जिन्यात मी किती वेळ थांबले ते मला आठवत नाही. भीती कसली वाटत होती ते मात्र नीट आठवतं. पहिली भीती माझीच वाटली, पोरीची नव्हे. नोकरी जाणार, खोली जाणार. पोलीस केस झाली तर? आजऱ्याला भावजयीच्या दारात कुठल्या तोंडानं उभी राहू? गप्प बसले तर कुणाला कळणार नव्हतं. कोमल बोलणार नव्हती. थोड्या दिवसांनी ती बोलायच्या स्थितीतच राहिली नसती. हा विचार माझ्याच डोक्यात आला, आणि तो आल्यावर मला स्वतःचीच इतकी भीती वाटली की मी जिना चढायला लागले. चढताना ओंकार आठवला. तो आधी आठवायला पाहिजे होता.

डॉक्टरीणबाई टेबलावर लिहीत होत्या. शेजारी चौगुलेबाई.

"बाई, ते पत्र थांबवा. पोरगी गोळी गिळत न्हाय. मी उगाळून देते."

"काय करता?"

"सहाणेवर उगाळून. मधातनं."

"किती दिवस?"

"पयल्या दिवसापासनं."

चौगुलेबाई उठून उभ्या राहिल्या. "आक्का, तुमी मगाशी माझ्यासमोर व्हय म्हणालासा! मी त्या आजारी पोरीला थुकतीस काय म्हणून इचारलं, तवा बी गप्प बसलासा!"

"व्हय."

"लाज न्हाय वाटली?"

"भ्या वाटलं."

डॉक्टरीणबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे औषध निकामी झालेलं नसेलही. तिला ते पुरतं मिळालंच नाही. कदाचित. अर्धवट औषधानंही विषाणू निर्ढावतो, त्यामुळं खात्री देत नाही. पण आज रात्रीपासून गोळी अख्खी गेली पाहिजे."

"नळीतनं घालता येतंय की," चौगुलेबाई म्हणाल्या.

"नळीतून घालायला फोडावी लागेल. तेच तर नको आहे. पातळ औषध मी मागवते, पण यायला दिवस लागतील. तोपर्यंत तिनं स्वतः गिळायची." त्यांनी घड्याळ बघितलं. दुपारचे दोन वाजले होते. "आठच्या डोसला सहा तास आहेत. श्वास लागलेल्या मुलीच्या घशात काही अडकलं तर काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. मी शेजारी उभी राहीन. पण गिळायला तुम्हीच शिकवा. ती दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही."

मी रिक्षा करून वसतिगृहात गेले. भिजवलेला साबुदाणा, उकडलेली मटकी, उकडलेले वाटाणे, सायीचं दही आणि दोन केळी घेऊन परत आले. चाळीस वर्षं माणसांना खायला घातलं, पण दाणे असे मोजून कधी घेतले नव्हते.

कोमल पेज घेत होती, म्हणजे घसा चालू होता. तिला उशांना टेकवून ताठ बसवलं. एक घास, मग मास्क, मग दहा श्वास, मग दुसरा घास. दह्यात साबुदाण्याचा एक दाणा लपवला.

"चावायचं न्हाय. हनुवटी खाली. गीळ."

गेला. दोन दाणे गेले. मटकीचा दाणा गेला. वाटाणा बघितल्यावर तिनं तोंड घट्ट मिटलं आणि मास्कच्या आतून म्हणाली, "आक्का, उगाळून दे की."

"आता उगाळायचं न्हाय."

"का?"

"मी चुकले म्हणून. उगाळल्यानंच तू आजारी पडलीस."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे, तपासल्यासारखं. "मग मी सांगितलं न्हाय कुणाला, ते चुकलं?"

"ते बी माझंच चुकलं. तुझं काय न्हाय."

वाटाणा घशाशी गेला आणि परत आला. खोकल्याची अशी उबळ आली की नर्स धावली. ओठ निळसर झाले. मास्क लावला, नर्सनं पाठ चोळली. हळूहळू तिचा रंग परत आला. नर्स मला म्हणाली, "मारताय काय मावशी पोरीला?" ती विचारत होती ते खोटं नव्हतं.

तासभर काही केलं नाही. मग मला चिंचोका आठवला. मागच्या उन्हाळ्यात कोमलनं खेळताना चिंचोका गिळला होता आणि पोटात झाड उगवणार म्हणून दोन दिवस रडली होती.

"कोमल, तो चिंचोका केवढा हुता गं?"

तिनं बोटांनी दाखवला.

"आणि ही गोळी केवढी हाय?"

तिनं गोळी बघितली. बराच वेळ बघितली. "चिंचोक्याहून बारीक."

"मग? झाड उगावलं काय तुझ्या पोटात?"

"तू म्हणालीस, उगावलं की कानातनं पानं येतील."

"आली काय?"

ती हसली. हसताना खोकली, पण हसली. त्या दिवसातलं हसू तेवढंच.

आठ वाजता डॉक्टरीणबाई आल्या. नर्सनं घशातलं ओढायची नळी हातात धरली. चौगुलेबाई दाराशी उभ्या. मी केळ्याचा गर चमच्यात घेतला, त्यात गोळी दाबली, वर दही लावलं. मास्क काढला.

"चिंचोका," मी म्हटलं. "हनुवटी खाली."

तिनं तोंड मिटलं. गळा हलला, थांबला. डोळे मोठे झाले. नर्स पुढं सरकली. डॉक्टरीणबाईंनी नर्सचा हात धरला, थांब म्हणून. मग गळा पुन्हा हलला.

"आ कर."

तोंड रिकामं होतं. मी बोट घालून जिभेखाली बघितलं, दोन्ही गालांत बघितलं. नव्हती. मास्क लावला, वीस श्वास मोजले, आणि दुसरी गोळी दिली. तिला दोन लागायच्या. दुसऱ्या वेळेला भीती पहिल्याहून जास्त होती, कारण आता गमवायला काहीतरी होतं.

तीही गेली.

सकाळी दोन, संध्याकाळी दोन. दर वेळेला डॉक्टरीणबाई किंवा नर्स शेजारी. पाचव्या दिवशी केळं लागेना, नुसतं पाणी पुरलं. पातळ औषध आलं तेव्हा तिनं वास घेऊन बाटली परत केली. "मी गिळती की." निमोनिया उतरला. बाविसाव्या दिवशी आम्ही घरी आलो. पण औषध खरंच लागू पडतंय का, ते रक्तावरून कळायचं होतं, आणि त्याला आणखी तीन महिने थांबायचं होतं. ते तीन महिने मी नीट जेवले नाही. सैपाकीण असून.

चौगुलेबाईंनी मला काढलं नाही. गोळ्यांचं काम मात्र काढून घेतलं आणि घडलं ते माझ्या हातानं लिहून मागितलं. चौथीनंतर मी एवढं पहिल्यांदाच लिहिलं. तो कागद पुढं कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला वाचून दाखवायचे, माझ्यासमोर. मी भाकरी थापत ऐकायची. वर्षानं गोळ्या परत माझ्याकडं आल्या.

तीन महिन्यांनी रक्ताचा कागद आला. विषाणू खाली आला होता. औषध निकामी झालं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मला पेढा दिला. तो हातात धरूनच मी विचारलं.

"बाई, हिच्या आदी एक पोरगा हुता. ओंकार. त्याला बी मी उगाळूनच देत हुते."

त्यांनी जुनी फाइल मागवून चाळली. "त्याची ही तपासणी तेव्हा झाली नव्हती. आता सांगता येणार नाही, आक्का. तो कशानंही गेला असेल."

"म्हंजी माझ्यामुळं न्हाय, असं बी न्हाय."

त्यांनी फाइल मिटली. "नाही असंही नाही," त्या म्हणाल्या.

पेढा मी तिथंच टेबलावर ठेवला.

आता लहान मुलांना नवी गोळी आली आहे. ती पाण्यात विरघळवूनच द्यायची असते. गोडसर लागते. तिचंही पथ्य आहे: लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर रिकाम्या पोटी द्यायची नाही, नाहीतर औषध अंगात कमी शिरतं. नव्या बायका मला विचारतात, "आक्का, एक इरगळवायची आणि एक फोडायची बी न्हाय, असं का?" मी म्हणते, का ते डॉक्टरला विचारा, आणि मान डोलवून परत येऊ नका. मूल गिळत नसेल तर गिळत नाही म्हणून सांगा. शरमेनं कुणाचं मूल वाचत नाही.

मी काम सोडून तीन वर्षं झाली. सहाण अजून माझ्याकडं आहे. वापरत नाही.

मुलांची नावं मी बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही. त्या सहाणेवरची गोळी दोघांनी चाटली. कोमल एकोणीस वर्षांची आहे आणि वारणानगरला कॉलेजात शिकते. ओंकार सात वर्षांचा होता.